खेचर घ्यायला गेलो आणि नापास झालो

जेजुरीच्या त्या आजोबांनी चारचौघांत माझं जे काही केलं, त्याला आज बारा दिवस झाले. शर्टावरचा भंडारा दुसऱ्या धुण्यात गेला. हे जात नाही.

डोंगराच्या कुशीत आमची वीस गुंठे जागा आहे. टेम्पो पायथ्याशीच थांबतो. सिमेंटची ५० किलोची गोणी तिथून वर न्यायला माणूस मिळेना, म्हणून म्हटलं, एक खेचर पाळावं. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, तो गाठला.

तिथे गाढवंच गाढवं. गावठी, काठेवाडी, पाठीवर रंगाचे पट्टे मारलेली. खेचर औषधालाही दिसेना. शेवटी एका लाल पटक्याच्या आजोबांना विचारलं. त्यांनी आधी माझे बूट पाहिले.

"खेचर कुणाला पायजे?"

"मला."

"मंग तुमी उठता कितीला?"

"साडेसात."

आजोबांनी शेजारच्याकडे पाहिलं. शेजारच्याने तंबाखू थुंकली.

"सातच्या आत त्याच्या दोन खेपा झालेल्या असत्यात. घरी अजून जनावर काय?"

"एक मांजर आहे."

"एकटं ऱ्हात नाय ते. सोबत लागती. रात्रभर वरडंल."

आता मी अगदीच कच्चा नव्हतो, वाचून गेलो होतो. म्हटलं, "आजोबा, बाप गाढव, आई घोडी. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, म्हणून खेचराची ६३. त्यामुळे त्याला पिल्लू होत नाही."

"बरं. ती त्रेसष्ट वजनाला किती भरत्यात?"

तोवर आठ-दहा माणसं जमली होती. कुणाचंही गाढव विकलं जात नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वेळ होता.

खरं तर खेचरावर आपल्या भाषेनंच अन्याय केलाय. गाढवाला गुळाची चव आहे, त्याच्यापुढे गीता आहे, अडलेला हरी आहे. खेचराला एक धड म्हणसुद्धा नाही. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर, पण तिथेही अर्थ आकाशात फिरणारा असा सांगतात. मी हे आजोबांना सांगणार होतो. सांगितलं नाही, तेवढीच अब्रू राहिली.

"जगतं किती, ठाव हाय?"

"तीस-पस्तीस वर्षं."

"आन तुमचं वय?"

"बावन्न."

आजोबा बोटांवर मोजू लागले. मोजता मोजता थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मागं बघनारं कोन हाय का त्याला?"

मागच्या मागे कुणीतरी म्हणालं, "आरं, सायबाचे दात बघा की!" या बाजारात दातांवर भाव ठरतो. दोन दातांचं ते दुवान, चार दातांचं चौवान. मी ओशाळून हसलो, तेच चुकलं. आजोबांनी मान वाकवून माझी दाढेवरची टोपी पाहिली. "चौवानाच्या लई म्होरं गेलंय," म्हणाले. सगळा बाजार हसला. एक गाढवसुद्धा ओरडलं. ते योगायोगानं, असं मी मानतो.

"पर रस्ता का नाय तुमाला?"

इथे माझा तोल गेला. रस्ता आहे हो, कागदावर आहे! मंजूर आहे. दोनदा नारळ फुटलाय, दुसऱ्या नारळाचं खोबरं मी स्वतः खाल्लंय. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. अर्ज करा म्हणतात. सहा केले. प्रत्येक वेळी नवा साहेब, आणि जुना अर्ज 'वरती' गेलेला. वरती जायला त्या अर्जाला वाट कशी सापडते, तेवढं मला कळलेलं नाही.

कुणीच हसलं नाही. आजोबांनी कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर भंडारा माझ्या कपाळाला लावला, थोडा शर्टावर सांडला. मग हाताला धरून मला टपरीवर नेलं आणि दोन चहा सांगितले.

पैसे मी काढले, तर हात धरला. "ऱ्हाऊ द्या सायेब," म्हणाले, "तुमचं आदीच अवघड हाय."

पन्नास गाढवांच्या बाजूला उभं राहून हे ऐकायचं! चहा मात्र चांगला होता.