चार्टर शाळा कंपन्यांनी नव्हे, शिक्षकांनी मागितल्या होत्या

कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: "चार्टर शाळा ही अमेरिकेतल्या कंपन्यांनी काढलेली कल्पना. तिच्या नावाखाली सरकारी शाळा कंपन्यांच्या घशात घातल्या. त्या फी घेतात, हुशार मुलं वेचून घेतात, कुणाला जाब देत नाहीत. आपल्याकडची दत्तक शाळा योजना हा त्याचाच पहिला हप्ता आहे." (चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण मुदतीच्या कराराने स्वतंत्रपणे चालवायला दिलेली शाळा.) सरकारी शाळा टिकल्या पाहिजेत ही यामागची तळमळ माझीही आहे. म्हणूनच ती चुकीच्या माहितीवर उभी राहू नये असं मनापासून वाटतं.

आधी "कंपन्यांनी काढलेली कल्पना" हा मुद्दा, कारण बाकीचा सगळा मजकूर त्याच्यावर रचलेला आहे. ३१ मार्च १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमधल्या भाषणात अल्बर्ट शँकर यांनी ही कल्पना देशापुढे मांडली. शँकर अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स या देशव्यापी शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: नेहमीच्या वर्गात जी मुलं मागे पडतात त्यांच्यासाठी काही शिक्षकांनी एकत्र यावं, पालकांना सोबत घ्यावं, आराखडा मांडावा आणि ठरावीक वर्षं तो राबवायला मोकळीक मिळवावी.

पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला. तो लावून धरला एंबर राइकगॉट या डेमोक्रॅटिक पक्षाच्या राज्य सिनेटरने आणि त्यावर सही केली रिपब्लिकन गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी. संपूर्ण राज्यात फक्त ८ शाळांना परवानगी. शिकवणारे परवानाधारक शिक्षकच हवेत आणि शाळेच्या संचालक मंडळात त्याच शाळेतल्या शिक्षकांचं बहुमत हवं, अशा अटी होत्या. आपल्याकडच्या किती संस्थांच्या कार्यकारिणीत शिक्षकांचं बहुमत आहे? हा प्रश्न मी गंभीरपणे विचारतोय.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही देशातली पहिली चार्टर शाळा उघडली. काढणारे होते मायलो कटर आणि टेरी क्रेबल, दोघंही शिक्षक. जागा म्हणजे शहराच्या मालकीचं एक क्रीडा-मनोरंजन केंद्र, विद्यार्थी जेमतेम तीन डझन. तेही कोण, तर शाळा सोडलेली किंवा शाळेने जवळजवळ सोडून दिलेली मुलं. नफा कमवायला निघालेला माणूस सुरुवात या मुलांपासून करत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवायची नाही. मिनेसोटातल्या शिक्षक संघटनांनी या कायद्याला विरोध केला होता. खुद्द शँकरही पुढे या चळवळीवर नाराज झाले, कारण त्यात नफा कमावणाऱ्या कंपन्या शिरू लागल्या होत्या. मिशिगनमध्ये आज बहुतेक चार्टर शाळांचा कारभार अशा कंपन्यांकडे आहे. म्हणजे कंपन्या आल्या हे खरं. पण त्या नंतर आल्या, आणि ज्या राज्यांच्या कायद्यांनी दार उघडं ठेवलं तिथे जास्त आल्या.

"फी घेतात, हुशार मुलं निवडतात." कायद्याने दोन्ही करता येत नाही, निवडीला काही ठिकाणी थोडे अपवाद आहेत तेवढेच. फी नाही, प्रवेश परीक्षा लावून मुलं गाळायची नाहीत, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांची सोडत असते, ती पालकांना ठाऊक आहेच. चार्टर शाळांत जवळजवळ सगळ्याच जागांना तो नियम. त्या सार्वजनिक शाळा आहेत, हे न्यायालयातही ठरलंय. ओक्लाहोमात कॅथलिक चर्चने सरकारी पैशावर चार्टर शाळा काढायचा घाट घातला, तेव्हा २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अडवलं: चार्टर शाळा सरकारी आहे, ती धर्माची असू शकत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समसमान मतं पडली आणि तो निकाल कायम राहिला.

या शाळांत मुलं किती शिकतात याबद्दल दोन्हीकडचे लोक आपल्या सोयीचा आकडा उचलतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्रेडो या केंद्राच्या २००९ च्या अभ्यासात गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या शाळांपेक्षा सरस निघाल्या, ३७ टक्के कमी पडल्या, बाकीच्यांत फरक नव्हता. त्याच केंद्राच्या २०२३ च्या अभ्यासात सरासरी चित्र चार्टरच्या बाजूने झुकलं, ऑनलाइन चार्टर शाळा मात्र फार मागे होत्या. एवढ्यावरून कुणी "चमत्कार" किंवा "फसवणूक" म्हणू नये.

"कुणाला जाब देत नाहीत" हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चार्टर म्हणजे मुदतीचा करार. मुलं काय शिकतील, हिशेब कसा दिला जाईल, हे त्यात लिहिलेलं असतं. पाळलं नाही तर मंजुरी देणारी संस्था शाळा बंद करू शकते. पण करार तपासणारा डोळे मिटून बसला तर काय होतं, हे ओहायोने दाखवलं. तिथली ईकॉट ही ऑनलाइन चार्टर शाळा वर्षानुवर्षं फुगवलेल्या पटावर पैसे घेत राहिली. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यात, ती बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. टीका करायची तर इथे करा, नेमकी करा.

आता दत्तक शाळा योजना. सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानुसार देणगीदाराने ५ किंवा १० वर्षांसाठी वस्तू आणि सेवा पुरवायच्या, बदल्यात शाळेच्या नावाला त्याने सुचवलेलं नाव जोडता येणार. शाळा चालवायचा अधिकार त्याच्याकडे जात नाही, मुलं शिकली नाहीत तर त्याला कुणी विचारत नाही. चार्टरमध्ये नेमकं उलटं असतं: शाळा चालवायला मिळते आणि निकालाची जबाबदारीही गळ्यात पडते. या योजनेला विरोध जरूर करावा, माझाही नावं देण्याला विरोधच आहे. पण तिला चार्टर म्हणणं चूक आहे.

चार्टरच्या जवळ जाणारं काही आपल्याकडे पाहायचं असेल तर मुंबईत वरळीला जा. ग्लोब मिल पॅसेजच्या महापालिका शाळेत मुक्तांगण या संस्थेने २००३ मध्ये काम सुरू केलं आणि आसपासच्या वस्तीतल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन शिक्षिका केलं. इमारत पालिकेची, फी नाही, वर्गात उभी राहणारी बाई शेजारच्या गल्लीतली.

तुमच्या गावात उद्या कुणी असा प्रस्ताव आणला, तर फिरता मजकूर बाजूला ठेवा आणि कराराची प्रत मागा. संचालक मंडळात शिक्षक आणि पालक किती? पट कोण मोजणार? हिशेब शाळा व्यवस्थापन समितीसमोर दरवर्षी येणार का? आणि संस्था मध्येच निघून गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी कुठे जायचं, हे त्या कागदावर लिहिलंय का?