मोडेमची वायर काढून भागणार नाही

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण बरीचशी रास्तही आहे. थोडक्यात म्हणणं असं: विंडोज एक्सपीने आपोआप डायल करू नये म्हणून मी ‘नेव्हर डायल अ कनेक्शन’ निवडायला सांगितलं, तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लॉग-इन करून निवडलंत, तरी रोजच्या लॉग-इनमधून शेजारच्या मशीनवरची फाइल उघडताना डायल-अपची, म्हणजे मोडेमने फोन लावून इंटरनेट जोडायची, खिडकी येतेच. त्यापेक्षा मोडेमची वायर काढा असं सरळ सांगायचं होतं.

आधी माझी चूक. ते सेटिंग ज्या युजरने बदललं त्याच्यापुरतंच असतं, हे मी लिहायलाच विसरलो. रोजच्या लॉग-इनमध्ये जाऊन, इंटरनेट ऑप्शन्सच्या कनेक्शन्स टॅबवर, तेच पुन्हा करा.

वायरचं मात्र पटत नाही. वायर काढलीत तर फोन लागणार नाही, खिडकी येतच राहील. प्रोग्रामने एखादं नाव विचारलं आणि ते लॅनवर, म्हणजे आपल्याच मशीनच्या नेटवर्कवर, सापडलं नाही, की एक्सपी समजतं हे नाव बाहेरचं असणार, आणि डायल करू का म्हणून विचारतं. माझ्याकडे हिशेबाचा एक प्रोग्राम होता, त्याचा डेटा ‘सर्व्हर’ नावाच्या दुसऱ्या मशीनवर. ते मशीन बंद असलं की सकाळी पहिला एंटर मारताच युजरनेम-पासवर्डची खिडकी हजर. कॅन्सल करावं, तर पुन्हा तीच. मी आठवडाभर मोडेमलाच शिव्या घालत होतो!

म्हणून आधी एक तपासा. कमांड प्रॉम्प्टवर दुसऱ्या मशीनला नंबराने (आयपी ॲड्रेसने) पिंग करा, म्हणजे ते उत्तर देतं का बघा, समजा १९२.१६८.०.५. मग नावाने करा. नंबराने उत्तर आलं आणि नावाला खिडकी उघडली, तर दुखणं नावातच आहे. सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात ‘ईटीसी’ आहे, त्यातली होस्ट्स फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि शेवटी एक ओळ घाला: आधी नंबर, मग जागा सोडून नाव. सेव्ह करताना नोटपॅड शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, तेवढं पाहा. ते चिकटलं तर विंडोज त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. आणि त्या मशीनचा नंबर कायमचा ठरवून द्या, नाहीतर डीएचसीपीने (आपोआप नंबर वाटणाऱ्या व्यवस्थेने) उद्या बदलला की ती ओळ खोटी.

नंबरालाही खिडकी येत असेल, तर दोन्ही नंबर शेजारी लिहून बघा. मास्क (नंबराचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० असताना एक १९२.१६८.०.५ आणि दुसरा १९२.१६८.१.७ असेल, तर वायर एकच असली तरी त्यांचं नेटवर्क वेगळं झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला, तर त्या मशीनला कोणी नंबर दिलेलाच नाही, त्याने तो स्वतःच घेतलाय.

एवढं करूनही खिडकी नाही थांबली, तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये (पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत) ‘रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर’ बंद करून डिसेबल्ड ठेवा. खालीच जवळजवळ त्याच नावाची, ‘ऑटो’ नसलेली सर्व्हिस आहे. तिला हात लावू नका, नाहीतर हातानेही डायल करता येणार नाही.

पिंगला काय उत्तर आलं ते कळवा, आणि दोन्ही मशीनचे नंबर व मास्कही लिहा.