पाचवं मेज कधी येणार?

'किंगडम ऑफ लोदिंग' या ऑनलाइन खेळातल्या स्पूकीरेव्हन हवेलीत, झपाटलेल्या ग्रंथालयात, मला फक्त लिहिण्याच्या मेजाशी लढायचंय. हो, मेजाशीच! 2003 पासून चालत आलेल्या या काडीमाणसांच्या खेळात फर्निचरही अंगावर येतं, आणि तेच मला मनापासून आवडतं. 1865 सालच्या 'ॲलिस इन वंडरलँड'मध्ये वेडा टोपीवाला कोडं घालतो: डोमकावळा आणि लिहिण्याचं मेज यांच्यात साम्य काय? आणि इथे 'रेव्हन', म्हणजे डोमकावळा, अशा नावाच्याच हवेलीत ते मेज. किती सुरेख सुचलंय!

पण पाच मेजं पाडल्याशिवाय लेडी स्पूकीरेव्हनचा हार मिळत नाही, आणि तो तिला दिल्याशिवाय वरचा मजला उघडत नाही. मेज येतंय कुठे? येतं ते पुस्तकी वटवाघूळ. ते लोळवलं की किंचाळणारी ग्रंथपालीण. मग पुन्हा वटवाघूळ, पुन्हा वटवाघूळ! अरे, दिवसाला मुळात 40 खेळ्या, त्या काय या फडफडाटात घालवायच्या? ग्रंथपालिणीकडून निदान पुढे वाळवंटात कामी येणारी बरणी मिळू शकते. या वटवाघळाचं मी काय करू?

बरं, एकदाच असतं तर सोसलं असतं. शेवटच्या चेटकिणीला हरवून नवा जन्म घेतला की परत तीच हवेली, तोच हार, तीच पाच मेजं. चार झाली की पाचवं हमखास दडी मारतं. नको त्या शत्रूंना हाकलायची साधनं आहेत, पण सुरुवातीला ती हाताशी असतात कुणाच्या? चार मेजं पाडलेल्या माणसाला पाचवं लगेच द्या ना!