लहानाला निलंबन, मोठ्याला समज: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

परभणी जिल्ह्यातून नायब तहसीलदार म्हणून तुम्ही निवृत्त झालात, काही विभागीय चौकश्यांत सादरकर्ता अधिकारीही होतात, म्हणजे प्रशासनाची बाजू मांडणारे. त्यामुळे तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि उत्तर लांबलं तरी चालेल असं ठरवलं.

मी लिहिलं होतं की राजकीय पक्षाचा उघड प्रचार करणारा सरकारी माणूस शिपाई असो की उपजिल्हाधिकारी, शिक्षेचं माप एकच हवं. त्यावर तुम्ही म्हणता: "घरात बसून लिहायला हे ठीक आहे. तलाठ्याला आमदाराचा फोन येतो तेव्हा त्याच्यापुढं दोनच वाटा असतात, ऐकायचं नाहीतर बदली घ्यायची. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. तुमचं एकच माप आलं की मरेल तो तलाठी, वरचे आहेत तसे सुटतील. आणि पुढाऱ्यांना शिक्षा कोण करतो, ते आधी सांगा."

फोन येतो हे मला मान्यच आहे. मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. पण काका, आज तो फोन कुठल्या कागदावर येतो? वरिष्ठाचा तोंडी आदेश असेल तर तो लेखी घ्यावा, असं वर्तणूक नियमच सांगतात. आमदाराच्या फोनसाठी तसा कागदच नाही. मग चौकशीत त्या तलाठ्याकडे दाखवायला काही उरत नाही. 'प्रत्येक प्रकरण वेगळं' हे तत्त्व त्याच्या कामाला येतच नाही. ते कामाला येतं ज्याचा मुंबईत कुणीतरी आहे त्याच्या.

समजा, विधानसभेच्या तोंडावर जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने एका उमेदवाराचं चिन्ह व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवलं. त्याच आठवड्यात एक वर्ग-1 अधिकारी त्याच उमेदवाराच्या सभेत व्यासपीठावर बसला. तुम्ही लिहिलंय की व्यासपीठावर बसणं हा अधिकाऱ्याच्या कामाचाच भाग असतो. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणाला पालकमंत्र्यांशेजारी उभं राहणं हे नक्कीच काम आहे. संध्याकाळच्या पक्षाच्या सभेतली खुर्ची हे काम नाही. या साहेबांना लागू असलेल्या राज्य सरकारच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतला पाचवा नियम इतका बारीक आहे की घरावर किंवा गाडीवर निवडणूक चिन्ह लावणंसुद्धा त्यात बसतं. मग शिक्षकाचं स्टेटस गैरवर्तन आणि साहेबांची खुर्ची शिष्टाचार, हे कसं?

आणि शिक्षक आधी निलंबित होतो. निलंबन ही शिक्षा नाही असं कायदा म्हणतो, पण ते भोगणाऱ्याच्या घरी विचारा. पहिले तीन महिने हातात साधारण निम्मा पगार येतो, निलंबनाच्या काळात राहायचं मुख्यालय दुसऱ्या तालुक्याला दिलं जातं आणि गावात बोभाटा होतो तो वेगळाच. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे रेटू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये अजय कुमार चौधरी प्रकरणात सांगितलं. तेव्हा कुठे या प्रकाराला थोडा लगाम लागला. साहेबांच्या बाबतीत खुलासा मागवला जातो, खुलासा येतो, 'समज देण्यात आली' असा शेरा पडतो आणि फाइल बंद होते.

आता जो भाग मला सगळ्यात जास्त खटकतो तो. एका गावात तलाठी आणि ग्रामसेवक शेजारच्या खोल्यांत बसतात. दोघांनी मिळून एकच पत्रक वाटलं तर तलाठ्याला 1979 चे राज्य नागरी सेवा नियम लागतात. ग्रामसेवकाला जिल्हा परिषदेचे 1964 चे शिस्त व अपील नियम आणि 1967 चे वर्तणूक नियम लागतात. जिल्हाधिकारी आयएएस असतील तर त्यांचे अखिल भारतीय सेवांचे 1968 आणि 1969 चे नियम वेगळे, आणि त्यांना बडतर्फ करायचं तर ते राज्याच्या हातातच नाही, अधिकार केंद्राचा. सरपंचाला 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 39 लागतं. विभागीय आयुक्तांनी काढलं की अपील शासनाकडे, म्हणजे मंत्र्यांपुढे. मोंढ्यात एकाच सोयाबीनला चार दुकानी चार काटे लावले तर आपण रस्त्यावर येऊ. इथे चार काटे कायद्यानेच टांगलेत आणि आपण ते पाहतही नाही.

सरपंच सोडला तर बाकी तिघांच्या पुस्तकांत शिक्षांची यादी आहे. ठपका, वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, बडतर्फी. लाचेसारखा अपवाद सोडला तर कुठल्या गैरवर्तनाला कुठली शिक्षा, हे मात्र बांधून दिलेलं नाही. ते शिस्तभंग प्राधिकाऱ्याच्या, म्हणजे शिक्षा देणाऱ्या वरिष्ठाच्या मनावर. तुम्ही ज्याला विवेक म्हणता तो तिथेच राहतो आणि वशिलाही तिथूनच आत येतो.

मी विवेक काढून टाका म्हणत नाही. प्रत्येक प्रकारच्या गैरवर्तनाला एक सुरुवातीची शिक्षा ठरवा. तिच्यापासून खाली-वर जायचं असेल तर कारण आदेशात लिहा. दबाव होता? लिहा, कुणाचा होता तेही लिहा, आणि त्यासाठी शिक्षा कमी करा. पद मोठं होतं? तर शिक्षा वाढवा, कारण त्याला नाही म्हणण्याची ताकद जास्त होती. नावं झाकून हे आदेश जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. मग पुढच्या तलाठ्याला मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) संभाजीनगर खंडपीठात दाखवता येईल की अशाच प्रकरणात दुसऱ्याला ठपक्यावर सोडलं होतं. एकाच घटनेत जास्त दोष असलेल्याला हलकी आणि कमी दोष असलेल्याला जड शिक्षा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये मध्य प्रदेशच्या राजेंद्र यादव या पोलीस शिपायाच्या प्रकरणात सांगितलं आहे. पण तुलनेसाठी आधी दुसऱ्याचा आदेश हातात लागला पाहिजे. आज तो माहितीच्या अधिकारातही 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारला जातो.

मुदतही हवी. पेन्शन नियमांप्रमाणे निवृत्तीनंतर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर नव्याने चौकशी सुरू करता येत नाही. निवृत्तीपर्यंत चौकशी लांबवण्याची सोय कुणाला असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिशीतल्या शिक्षकाला ती नसते.

राहिला पुढाऱ्यांचा प्रश्न. तुमचा राग इथे सगळ्यात रास्त आहे. ठरावीक वर्गांतल्या सरकारी माणसाची निवडणुकीत मदत घेणं हा उमेदवाराचाही भ्रष्ट आचार ठरतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(7) तसं सांगतं. 12 जून 1975 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द केली ती याच कलमावर. पुढे कायदा मागच्या तारखेपासून बदलला गेला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात निवड कायम झाली. सामान्य माणसाला हे कलम वापरायचं तर निकालापासून 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते. तलाठ्याची तक्रार मात्र साध्या अर्जावर होते.

आपल्या लातूर जिल्ह्यातलेच दोन मुख्यमंत्री आठवा. एम.डी. परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी 1986 मध्ये राजीनामा दिला. खामगावच्या सावकारी प्रकरणात आमदाराच्या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारीवर 2006 मध्ये विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून पोलिसांना फोन गेला. त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये महाराष्ट्र शासनाला 10 लाख रुपये भरायला लावले. ते तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशातून. विलासराव तेव्हा केंद्रात मंत्री होते आणि पुढेही राहिले. एकाचं पद गेलं, दुसऱ्याचं राहिलं, कारण मंत्र्यांच्या वर्तनाचं काय करायचं हे नियमात नाही, पक्षश्रेष्ठींच्या हातात आहे. म्हणून 'आधी पुढारी' हे तुमचं म्हणणं मला 'पुढारीही, त्याच मापाने' असं मांडावंसं वाटतं. पुढाऱ्यांचं ठरेपर्यंत थांबायचं म्हटलं तर तोवर तो शिक्षक निम्म्या पगारावर बसून राहील.

तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्या चौकश्यांत तुम्ही सादरकर्ता होतात, त्यांत कुठल्या गैरवर्तनाला काय शिक्षा झाली ते नाव-गाव वगळून लिहून पाठवा. दोषारोप काय होता, बचावात दबावाचा उल्लेख होता का, आदेशात त्यावर एक ओळ तरी आली का, एवढं पुरे. तुमच्या शब्दांत, काटछाट न करता छापतो. त्यातून तुमचं म्हणणं खरं निघालं, म्हणजे एकच माप लावलं तिथे लहान माणूसच जास्त भरडला गेला असं दिसलं, तर तेही तसंच छापेन.