किट नको, आधी हत्यारं द्या
गावाकडच्या आणि आदिवासी शाळांत थ्रीडी प्रिंटर आन रोबोटची किट देऊन मुलांना हातानं वस्तू बनवायला शिकवा, असा एक लेख वाचला. हातानं शिकवायचा मुद्दा शंभर टक्के पटला, पण सगळा भर त्या मशीनवर नको हो. आमच्या खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव) जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नसतो, मशीन कपाटातच राहणार. अटल टिंकरिंग लॅबला, म्हणजे मुलांनी वस्तू बनवून बघायच्या सरकारी योजनेतल्या शाळेच्या प्रयोगशाळेला, २० लाख मिळतात पण ती सहावी ते बारावीसाठी, मग आमच्या दोन खोल्यांच्या मराठी प्राथमिक शाळेनं काय करायचं? त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं विज्ञान आश्रम बघा, डॉ. कलबागांनी १९८३ ला सुरू केलं, मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती अशी गावाला लागणारी कामं करत करतच शिकतात, फॅब लॅब (संगणकावर आखून मशीननं वस्तू बनवायची कार्यशाळा) तिथं नंतर आली. आमच्याकडं बेळगावात उद्यमबागला फाउंड्र्या, लेथची वर्कशॉपं आहेत, खानापुरात खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था आहे, तिथले कारागीर महिन्यातून एकदा शाळेत आले तरी खूप झालं. गवळीवाड्यावरच्या पोरांना किटमधलं इंग्लिश पुस्तक कोण वाचून दाखवणार? पाना, पक्कड, करवत, मल्टीमीटर द्या आधी, आणि काय मोडलं तर मास्तरांकडं हिशोब मागू नका, त्या भीतीनंच सामान कुलपात राहतंय.