ग्लो इंजिनात पेट्रोल: सुई फिरवून भागणारं काम नव्हे

एरोमॉडेलिंग करणाऱ्यांत, म्हणजे छोटी मॉडेल विमानं उडवणाऱ्यांत, एक सल्ला फार फिरतो: ग्लो इंजिनाच्या (ठिणगीऐवजी प्लगमधल्या तापलेल्या तारेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) टाकीत ५०:१, म्हणजे पन्नास भागांना एक भाग, टू-स्ट्रोक ऑइल घातलेलं पेट्रोल भरा, कार्ब्युरेटरची इंधन कमीजास्त करणारी सुई थोडी फिरवा, झालं. इंधन स्वस्त, ताकद दुप्पट. मोह समजू शकतो, कारण या इंजिनाचं नेहमीचं इंधन म्हणजे तेल घातलेलं मिथेनॉल, आणि ते विषारी. २०१५ च्या मालवणी दारूकांडात शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळेच. महाराष्ट्रात ते परवान्याशिवाय मिळत नाही. तरी हा सल्ला इंजिनाचं वाटोळं करणारा आहे.

आधी प्लग. त्यातली प्लॅटिनमची तार १.५ व्होल्टच्या सेलवर फक्त सुरू करताना तापवायची. सेल काढल्यावरही ती लाल राहते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागताच तिथंच ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता सोडते. पेट्रोल प्लॅटिनमला अशी दाद देत नाही. सेल काढला की इंजिन अडखळून बंद पडतं. यावर कुणीतरी ओएस या जपानी कंपनीच्या जीजीटी१५ इंजिनाचा दाखला देतंच. ते ग्लो प्लगवर पेट्रोल पितं हे खरं; पण ते मुळात पेट्रोलसाठीच घडवलेलं, प्लगही खास त्याचा. बाकीच्यांना सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन), ठिणगीची वेळ ओळखायला हॉल सेन्सर, त्यासाठी प्रॉप ड्रायव्हरवर (पंख्यामागच्या फिरत्या चकतीवर) चुंबक आणि स्पार्क प्लग लागतोच.

ताकद दुप्पट? किलोमागे ऊर्जा दुप्पट आहे खरी: मिथेनॉलची सुमारे २० मेगाज्यूल, पेट्रोलची ४४. पण सिलिंडरमध्ये मावते ती हवा, आणि ती तेवढीच राहते. एक किलो मिथेनॉल जाळायला ६.४ किलो हवा लागते, एक किलो पेट्रोलला १४.७. म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल निम्म्याहून कमी जळतं आणि उष्णता जवळपास तेवढीच मिळते. वर गारवा जातो तो वेगळाच. तेवढ्याच हवेमागे मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे सातपट उष्णता शोषून घेतं. तो आधार सुटला की हेड तापतं आणि ताकद उलट थोडी घटते. सुईचं म्हणाल, तर ग्लो कार्ब्युरेटरची सुई दुपटीहून जास्त प्रवाहासाठी बनवलेली असते. पेट्रोलवर तिची एक खटकी इकडची तिकडे झाली, तरी मिश्रण बिघडतं.

सर्वांत घातक सल्ला ५०:१ चा. ग्लो इंधनात १८-२० टक्के तेल असतं, कारण बहुतेक ग्लो इंजिनांत कनेक्टिंग रॉडला ब्राँझचे बुश असतात, कमी तेलात भागणारं नीडल बेअरिंग नव्हे. तिथं तेल २०:१ पेक्षा, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांपेक्षा, कमी करू नये. आणि ग्लो इंधनासाठी आणलेलं, उरलेलं एरंडेल पेट्रोलमध्ये ओतायला जाऊ नका. मिथेनॉलमध्ये ते विरघळतं, पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही.

सिलिकॉनची नळी पेट्रोलनं फुगते, तिच्या जागी पेट्रोलला टिकणारी टायगॉनची नळी घ्या. पंपावरच्या ई-२० मधलं इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उडवून झाल्यावर टाकी रिकामी करायची.

राहिली बचत. ०.४६ घनइंच म्हणजे साडेसात सीसीच्या इंजिनाला सीडीआय आणि तिची बॅटरी वजनालाही जड आणि खिशालाही. वाचलेल्या इंधनातून तो खर्च निघायला फार उड्डाणं लागतील. वीस सीसीच्या पुढचं, पिस्टनला रिंग असलेलं इंजिन असेल आणि दर आठवड्याला उडवत असाल, तर मात्र सीडीआयचा संच जरूर बसवा.