पान 389

कोथरूडच्या आमच्या लायब्ररीत त्या कादंबरीसाठी मी नंबर लावला तेव्हा वहीत माझ्यापुढे दहा जण होते. काउंटरवरच्या काकू म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत मिळेल." तेव्हा जून चालू होता. मी म्हटलं, चालेल. तसा विकत घ्यायचा विचारही एकदा मनात येऊन गेला होता. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात उभं राहून मी किंमत पाहिली, पुस्तक उलटसुलट करून वजनाचा अंदाज घेतला आणि "हे आहे वाटतं आपल्याकडे" असं पुटपुटत जागेवर ठेवून दिलं. असली माणसं दुकानदारानं दिवसाला पन्नास पाहिली असावीत. त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

लेखक जगभर खपणारा आहे. नाव सांगत नाही, कारण त्याचे तीन चाहते आमच्याच इमारतीत राहतात आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्यातल्या एकाकडे असते.

ऑक्टोबरात पुस्तक हाती आलं. मराठी अनुवाद, पानं 612. मुखपृष्ठावर पिस्तूल, पिस्तुलामागे पळणारा माणूस, माणसामागे स्फोट. मलपृष्ठावर 'एकदा हातात घेतलं की खाली ठेववत नाही!' हे मात्र तिसऱ्याच रात्री खोटं ठरलं. उताणा पडून वाचत होतो, डोळा लागला आणि पुस्तक आपणहून खाली आलं. थेट नाकावर.

गोष्ट अशी, की एक निवृत्त हेर आहे. त्याला परत कामावर बोलावतात, कारण खात्यात कोणीतरी फितूर आहे. म्हणून तो झुरिकमधल्या एका रस्त्यावर गाडीत बसून समोरच्या घरावर नजर ठेवतो. बस्स. ऑफिसला मी मेट्रोनं जातो. वनाजला चढलो तेव्हा हा गाडीत बसून समोरची खिडकी बघत होता. नळ स्टॉपला त्यानं थर्मासचं झाकण उघडलं. डेक्कन जिमखान्याला कॉफी ओतली. सिव्हिल कोर्टला अर्धा डबा उतरला, अर्धा चढला, त्या रेटारेटीत माझी तीन पानं एकदम उलटली गेली आणि कशातच काही फरक पडला नाही. रुबी हॉलला मी उतरलो तेव्हा कॉफी निवल्याचं त्याला वाईट वाटत होतं. संध्याकाळी परतीच्या गाडीत खिडकीचा पडदा हलला. मी सावरून बसलो. वारा होता.

अशा वेळी शहाणा माणूस पुस्तक परत करतो. पण चार महिने नंबर लावून मिळालेली वस्तू आवडली नाही म्हणून परत करायची, हे आमच्या घराण्यात कोणी केलेलं नाही. आमच्या आजोबांनी एका लग्नात मठ्ठा आंबलाय हे कळूनही तिसरी वाटी घेतली होती.

आणि मग पान 61 वर, समासात, पेन्सिलीनं लिहिलेली ओळ दिसली: 'पुन्हा पाऊस. पानशेत फुटतंय का आता?'

मी मागे जाऊन पाहिलं. पान 34 वर नुसतंच 'पाऊस' लिहिलेलं होतं, मेट्रोच्या धक्क्यांत माझ्या नजरेतून सुटलेलं. अक्षर बारीक, टोकदार, जराही न थरथरणारं. पान 70 वर 'परिस्थीती' या शब्दाखाली रेघ आणि शेजारी 'स्थि ऱ्हस्व!' पान 88 वर, जिथे नायकाला त्याची घटस्फोटित बायको आठवते, तिथे 'ती सुटली'. पान 97 वर थर्मास फुटतो. पान 203 वर नायक थर्मासमधून कॉफी ओततो, तिथे 'हा दुसरा का? पावती दाखवा'.

आणि जागोजागी आकडे. 'खांदे: 4'. 'खांदे: 9'. हे मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं तेव्हा डब्यात मोठ्यानं हसलो आणि शेजारच्या मुलीनं कानातलं एक बोंडूक काढून माझ्याकडे पाहिलं. पुस्तकातलं कोणतं ना कोणतं पात्र दर पंधरा-वीस पानांनी 'खांदे उडवत' होतं. मराठी माणूस खांदे उडवत नाही. त्याला एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर तो ओठ पुढे काढतो, तळहात उताणा करतो, 'काय की बुवा' म्हणतो, पुण्यातला असेल तर ठाऊक नसतानाही सांगतो. पण त्याचे खांदे जागच्या जागी असतात. ते उडतात फक्त अनुवादात. हे कोणीतरी बसून मोजत होतं.

तिथून पुढे मी कादंबरी वाचतच नव्हतो. पानं उलटत होतो ती पेन्सिलीसाठी. नायकाच्या वाट्याला दहा पानं रिकामी गेली तर मला काहीच वाटत नसे, समास रिकामा गेला की जीव कासावीस व्हायचा.

मधल्या काळात मी एका मित्राकडे तक्रार केली. तो निवृत्त प्राध्यापक आहे आणि संथ गोष्टींवर त्याचं प्रेम आहे. तीस वर्षं परीक्षा मंडळावर होता. तो म्हणाला, "अरे, खरी हेरगिरी अशीच असते. कौटिल्यानं हेरांचे नऊ प्रकार सांगितलेत. त्यातले पाच एका जागी बसणारे. विद्यार्थ्याच्या सोंगातला, संन्याशाच्या, शेतकऱ्याच्या, व्यापाऱ्याच्या आणि तापसाच्या. हा तापस जटा वाढवून शहराबाहेर शिष्यांचा गोतावळा घेऊन बसायचा. महिना-दोन महिन्यांतून एकदा लोकांदेखत मूठभर जव नाहीतर भाजीपाला खायचा आणि एरवी गुपचूप हवं ते जेवायचा."

हा तापस मला त्या नायकापेक्षा कितीतरी आवडला. निदान चोरून जेवत तरी होता.

"आणि जॉन ल कॅरे घे," मित्र थांबेना. "स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेला माणूस. त्याचे हेर फायली चाळतात."

मी म्हटलं, "जेम्स बाँड लिहिणारा फ्लेमिंगही दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या हेरखात्यातच होता. त्यालाही फायलींवर लिहिता आलं असतं. पण माणसाला वाचकाची दया आली." ल कॅरेबद्दल मात्र मी मनातल्या मनात मान्य केलं. त्याच्या शांततेत काहीतरी शिजत असतं, वास येत असतो. इथे पातेलं चढवलेलं होतं आणि गॅसच पेटवला नव्हता. शिवाय खरं आयुष्यच वाचायचं असतं तर मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त वाचलं असतं. त्यात निदान लिफ्टवरून भांडणं आहेत.

माझी चव लहानपणीच बिघडली, हेही खरं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात त्यातल्या हाती लागतील तेवढ्या भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचल्या जात. पाचव्या पानापर्यंत मुडदा पडला नाही तर पुस्तकाची पानं गहाळ आहेत, असं आम्ही समजायचो. आणि लाल महालापासून चालत पंधरा मिनिटांवर वाढलेल्या माणसाला या विषयात सबुरी येणार तरी कुठून? 1663 चा एप्रिल. रमजानचा महिना, पहारे सुस्तावलेले. महाराज रात्री आत शिरले, शाहिस्तेखानाची बोटं छाटली, बाहेर पडले. त्याआधी कोण कुठे झोपतं, ही खबर काढायला कुणीतरी दिवसच्या दिवस कुठेतरी बसून राहिलं असणारच. पण आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी त्याला अर्धं वाक्य दिलं. कॉफी तर दिलीच नाही.

पेन्सिलवाल्याविषयी एव्हाना माझे काही निष्कर्ष निघाले होते. पानशेतचा उल्लेख, म्हणजे 12 जुलै 1961 चा पूर आठवणारा किंवा ज्यांना आठवतो त्यांच्या घरात वाढलेला. ऱ्हस्व-दीर्घाची चीड, म्हणजे मास्तर, मुद्रितशोधक किंवा नुसताच शनिवार पेठेतला. पावती मागतो, म्हणजे हिशेबनीस. बायकोला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती निवडत होती ती गवार खाली न ठेवता म्हणाली, "बाईही असेल." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "फितूर कोण निघाला?" मी म्हटलं, अजून कळायचंय. "साहेबच असणार," ती म्हणाली आणि गवारीकडे वळली.

आणि पान 389.

नायक अखेर गाडीतून उतरला होता. रस्ता ओलांडून त्यानं दाराच्या बेलवर बोट ठेवलं होतं. समासात पेन्सिल म्हणत होती: 'आता मात्र'

पुढे शब्द नव्हता. 'त्र'च्या शेवटापासून एक रेघ निघाली होती, समासातून वाकडी होत, पानाच्या तळापर्यंत, आणि कोपऱ्यात संपली होती.

मी पुढची पानं भराभर उलटली. 390, 400, 450. कोरी. शेवटपर्यंत कोरी. खांद्यांचा हिशेब 22 वर थांबलेला. चार महिने ज्या पुस्तकासाठी थांबलो त्यानं जे केलं नाही ते त्या रेघेनं केलं. माझ्या घशाला कोरड पडली. असलं अक्षर असलेला माणूस वाक्य अर्ध्यावर सोडत नाही. त्याचं काहीतरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत गेलो. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीत तारखांचे शिक्के होते, नावं नव्हती. मी काकूंना आडून विचारलं, "माझ्याआधी हे पुस्तक कोणाकडे होतं हो?"

"नावं सांगत नाही आम्ही."

"नाही, म्हणजे, ते बरे आहेत ना?"

"कोण?"

"ते... पेन्सिलवाले."

काकूंनी चष्मा नाकावर घेतला. "पुस्तकावर लिहिलंय का कोणी? बघू. दंड आहे त्याला."

मी पुस्तक पोटाशी धरलं. "छे छे," म्हणालो, "पेन्सिलींचं दुकान आहे ना त्यांचं, म्हणून." इतकं भिकार खोटं आयुष्यात कधी बोललो नव्हतो, पण माणूस वाचवला.

मग मी पाळत ठेवायची ठरवली. शनिवारी सकाळी दहाला जाऊन खिडकीजवळची खुर्ची पकडली, एक जुना दिवाळी अंक तोंडासमोर धरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खिसे बघत बसलो. बाहेर परतीचा पाऊस लागला होता. साडेदहाला एक आजोबा आले, खिशाला पेन. अकराला अंबाड्यात पेन्सिल खोवलेल्या एक बाई आल्या आणि मी अंक खाली घेतला. त्यांनी पाककृतींचं पुस्तक बदललं आणि गेल्या. नंतर कोणीच नाही. पाऊस वाढला. समोरच्या अमृततुल्यातून चहा मागवला. नंतर आणखी एक मागवला, तो दारावर नजर ठेवण्याच्या नादात निवला. मला वाईट वाटलं. साडेबाराला काकूंनी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद केला.

कादंबरी मी पूर्ण केली, ती केवळ खांद्यांचा हिशेब पुरा व्हावा म्हणून. फितूर पान 604 वर उघडा पडला. साहेब. बायकोला सांगितलं नाही.

त्या पुस्तकातून एकच उपयोगी गोष्ट शिकलो. हेर एकमेकांना भेटत नाहीत. ठरलेल्या जागी, एखाद्या सैल विटेमागे, एक जण चिठ्ठी ठेवतो, दुसरा नंतर येऊन नेतो. लेखकानं हे समजवायला 19 पानं घेतली आहेत. परत करायच्या आदल्या रात्री मी मुलाच्या जुन्या कंपासपेटीतली पेन्सिल शोधली, टोक केलं, आणि पान 389 वर त्या रेघेच्या टोकाशी लिहिलं: 'आता मात्र काय? काळजी वाटते. – पुढचा वाचक'. दोन दिवसांचा दंड भरून पुस्तक काउंटरवर ठेवलं. काकूंनी ते चाळलं नाही.

फेब्रुवारीत राहवेना. वहीत आता कोणाचाच नंबर नव्हता. ती लाट ओसरली होती. काकू पुस्तक देताना म्हणाल्या, "पुन्हा? फारच आवडलेलं दिसतंय. काय बाई तरी एकेकाला आवडतं, परवाच एकांनी दुसऱ्यांदा नेऊन आणलं."

मी जिन्यातच उघडलं. माझ्या ओळीखाली, तेच बारीक टोकदार अक्षर:

'झोप लागली. पेन्सिल हातातच होती. नंतर धीर झाला नाही. फितूर साहेबच ना? खांदे एकूण किती? ता. क. आपण 'काळजी'तला 'जी' दीर्घ काढलात, बरं वाटलं.'

मी खिसे चाचपले. पेन्सिल नव्हती. पुन्हा वर गेलो, काकू फोनवर बोलत होत्या, त्यांच्या समोरच्या डबीतली उचलली, कपाटाच्या आडोशाला गेलो आणि लिहिलं:

'साहेबच. 37.'